डेव्हिड बेकहॅम आणि अडीच कोटी डॉलरचं कलम

डेव्हिड बेकहॅम हे नाव आपल्याकडे फुटबॉल न पाहणाऱ्या घरांतही पोचलेलं आहे. बदलत्या केशरचना, दाढीच्या ब्लेडपासून अंडरवेअरपर्यंतच्या जाहिराती, गायिका बायको आणि आता अमेरिकेत मेस्सी ज्या क्लबकडून खेळतो त्याची मालकी. एवढं सगळं ठाऊक असूनही हा माणूस मैदानात नेमकं काय करायचा आणि एका पगारी खेळाडूचा क्लबमालक कसा झाला, हे फारसं कुणी नीट सांगत नाही. मालक होण्यामागे २००७ सालचा एक करार आहे. तो समजून घ्यायचा तर अमेरिकेतल्या सॉकर लीगची रचना, खेळाडूच्या चेहऱ्याची किंमत आणि तीस वर्षं टिकलेल्या काही मैत्र्या, असं बरंच काही उलगडावं लागतं.

लंडनच्या पूर्व भागात, लेटनस्टोनला, २ मे १९७५ रोजी त्याचा जन्म झाला. वडील टेड लोकांच्या घरी स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटं बसवायचे, आई सँड्रा केशकर्तनाचं काम करायची. राहायला लंडनमध्ये, पण घरात भक्ती मँचेस्टर युनायटेडची. डेव्हिडच्या पूर्ण नावात मध्ये 'रॉबर्ट' आहे, तो युनायटेडच्या बॉबी चार्ल्टनवरून. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातातून वाचलेला आणि १९६६ चा विश्वचषक जिंकलेला चार्ल्टन म्हणजे त्या घरातलं दैवतच.

पुढे याच चार्ल्टनच्या सॉकर स्कूलमध्ये अकरा वर्षांचा डेव्हिड चेंडूवरच्या कौशल्याच्या स्पर्धेत पहिला आला. बक्षीस होतं बार्सिलोनाची वारी आणि तिथल्या क्लबच्या खेळाडूंबरोबर सराव. त्या वेळी बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते टेरी व्हेनेबल्स, म्हणजे लंडनचाच माणूस. बार्सिलोना त्याच्या आयुष्यात नंतरही पुन्हा पुन्हा डोकावत राहिलं.

लंडनच्या टॉटनहॅम क्लबमध्येही तो सराव करत असे, पण १९८९ मध्ये, चौदाव्या वाढदिवसाच्याच दिवशी, त्याने युनायटेडच्या शालेय करारावर सही केली. १९९१ मध्ये तो मँचेस्टरला राहायला गेला. युनायटेडचं तेव्हाचं सरावाचं मैदान, द क्लिफ, खरं तर शेजारच्या सॅलफर्ड शहरात आहे. तिथे एरिक हॅरिसन नावाचे कडक प्रशिक्षक पोरांना घडवत होते. १९९२ मध्ये या पोरांनी क्रिस्टल पॅलेसला हरवून एफए यूथ कप जिंकला. संघात बेकहॅम होता, रायन गिग्ज होता, गॅरी नेव्हिल आणि निकी बट होते. पॉल स्कोल्स आणि गॅरीचा धाकटा भाऊ फिल लगोलग मागून आले. या सहा जणांना इंग्लंडमध्ये 'क्लास ऑफ ९२' म्हणतात, आणि बेकहॅमची पुढची गोष्ट या सहा नावांशिवाय सांगताच येत नाही.

त्याचा रस्ता मात्र इतरांइतका सरळ नव्हता. १९९५ मध्ये क्लबने त्याला प्रेस्टन नॉर्थ एंड या खालच्या विभागातल्या संघाकडे काही आठवड्यांसाठी उसना दिला. धिप्पाड बचावपटू आणि चिखलाची मैदानं, असा तिथला मामला. पदार्पणातच त्याने कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायच्या किकवरून, थेट गोल मारला, कुणाचा पाय किंवा डोकं न लागता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युनायटेडने पोरांना एकदम मुख्य संघात उतरवलं आणि पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असा मार खाल्ला. तो एकमेव गोल बेकहॅमचा होता. त्या रात्री टीव्हीवर माजी खेळाडू ॲलन हॅन्सन यांनी पोराटोरांच्या जोरावर काही जिंकता येत नसतं, अशा अर्थाचं विधान केलं. त्या हंगामात युनायटेडने लीग आणि एफए कप, दोन्ही जिंकले.

मैदानात तो काय करायचा

बेकहॅमला केवळ चेहऱ्यावर चाललेला खेळाडू म्हणणारे बरेच भेटतात. ते चुकीचं आहे. त्याच्या उणिवा उघड होत्या. बचावपटूला मागे टाकण्याइतका वेग नव्हता, डावा पाय बेताचा, हेडिंग साधारण. पण मैदानाच्या उजव्या बाजूला हातभर जागा मिळाली की तो उजव्या पायाने चेंडू उचलून गोलसमोर टाकायचा. यालाच क्रॉस म्हणतात. समोरच्याला चकवून पुढे जायची त्याला गरजच पडत नसे.

यामागचं विज्ञान फार अवघड नाही. पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या मध्यापासून जरा उजवीकडे फटका बसला की चेंडू स्वतःभोवती गिरकी घेत निघतो. फिरणारा चेंडू भोवतालची हवा एका अंगाला ढकलतो आणि हवा त्याला उलट्या अंगाला ढकलते, म्हणून तो वळतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेत सरकतो, त्यामागेही हेच कारण असतं. बेकहॅमचा क्रॉस उजवीकडून निघायचा आणि गोलकीपरपासून दूर, धावत येणाऱ्या आपल्या सहकाऱ्याकडे वळायचा. गोलकीपर पुढे यावं की थांबावं या विचारात असतानाच काम झालेलं असे. फ्री किकमध्येही, म्हणजे समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या किकमध्येही, हीच युक्ती, फक्त चेंडू बचावाच्या भिंतीवरून वळून गोलमध्ये उतरायचा.

१७ ऑगस्ट १९९६ रोजी विम्बल्डनविरुद्ध त्याने मैदानाच्या मध्यरेषेजवळून गोल मारला. गोलकीपर नील सलिव्हन पुढे आलेला त्याने पाहिला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून सोडला. दोन आठवड्यांनी तो इंग्लंडकडून खेळत होता.

मग १९९८ चा विश्वचषक. कोलंबियाविरुद्ध फ्री किकवर गोल, आणि पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड. दिएगो सिमेओनेने त्याला पाडलं होतं. जमिनीवर पालथा पडल्यापडल्या बेकहॅमने पाय उचलून त्याला मारला, पंचांच्या डोळ्यांसमोर. इंग्लंड पेनल्टींवर हरलं. आपल्याकडे विश्वचषकात हरल्यावर क्रिकेटपटूंच्या घरांवर दगड पडलेले आपण पाहिलेत. इंग्लंडने बेकहॅमला त्याहून कमी छळलं नाही. लंडनमधल्या एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवला गेला, आणि पुढचा हंगामभर प्रत्येक परक्या मैदानात त्याला शिव्या पडत राहिल्या. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

त्या शिव्यांच्या हंगामातच युनायटेडने प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, असे तिन्ही किताब एका वर्षात जिंकले. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना २६ मे १९९९ ला होता, बार्सिलोनाच्या काम्प नू स्टेडियममध्ये. मधल्या फळीतले रॉय कीन आणि स्कोल्स दोघेही निलंबित असल्याने बेकहॅमला आपली उजवी बाजू सोडून मधोमध खेळावं लागलं. नव्वद मिनिटांपर्यंत बायर्न म्युनिक १-०ने पुढे होतं. नंतरच्या भरपाईच्या काही मिनिटांत युनायटेडने दोन गोल केले, शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी. दोन्ही गोल बेकहॅमने मारलेल्या कॉर्नरमधून आले. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या बॅलन डी'ऑरच्या त्या वर्षीच्या मतदानात रिव्हाल्डोच्या मागे तो दुसरा होता. चेहऱ्यावर एवढं मिळत नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार झाला. ६ ऑक्टोबर २००१ ला ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रीसविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. इंग्लंड १-२ असं मागे, वेळ संपलेली. बेकहॅम त्या दिवशी सगळ्या मैदानभर अक्षरशः एकटा धावत होता. ९३ व्या मिनिटाला मिळालेली फ्री किक त्याने गोलमध्ये घातली आणि इंग्लंड विश्वचषकाला पात्र ठरलं. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाने त्याचा पुतळा लटकवला, त्याने त्या दिवशी त्याला माफ केलं, असं इंग्रज लोक आजही सांगतात. पुढच्या जूनमध्ये जपानमधल्या साप्पोरोत अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर विजयी गोल त्यानेच मारला.

चेहऱ्याची किंमत

आता पैशाकडे वळू. १९९९ मध्ये बेकहॅमने स्पाइस गर्ल्समधल्या व्हिक्टोरिया ॲडम्सशी लग्न केलं आणि तो खेळाच्या पानांवरून पहिल्या पानावर आला. युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांना हे रुचत नव्हतं. तरीही क्लबला पैशाचं गणित कळत होतंच. २००२ च्या करारात खेळण्याचा पगार वेगळा आणि इमेज राइट्सचे पैसे वेगळे ठरले.

इमेज राइट्स म्हणजे खेळाडूचं नाव, चेहरा, सही यांचा धंद्यासाठी वापर करण्याचा हक्क. क्लब खेळाडूला पगार देतो तो खेळण्याचा. त्याचा फोटो शीतपेयाच्या बाटलीवर छापायचा तर वेगळी परवानगी लागते, आणि त्या परवानगीचे पैसे कोणाला मिळणार, खेळाडूला, क्लबला की दोघांना, हे करारात लिहावं लागतं. सामान्य खेळाडूच्या बाबतीत या ओळीला फारशी किंमत नसते. बेकहॅमच्या बाबतीत ती पगाराइतकीच महत्त्वाची होती.

फेब्रुवारी २००३ मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये फर्ग्युसननी रागाने लाथ मारलेला बूट बेकहॅमच्या भुवईवर लागला. त्या उन्हाळ्यात युनायटेडने त्याला विकायचं ठरवलं. बार्सिलोनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या जोआन लापोर्तानी तर मतदारांना बेकहॅम आणण्याचं आश्वासन दिलं आणि युनायटेडशी बोलणीही केली. बेकहॅमने नकार दिला आणि सुमारे ३.५ कोटी युरोंना तो रेआल माद्रिदला गेला. लापोर्ता निवडून आले आणि त्यांनी रोनाल्डिन्योला आणलं. एका नकारामुळे दोन क्लबांची पुढची काही वर्षं ठरली.

रेआलचे अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ दरवर्षी एक महातारा विकत घेत होते. २००० मध्ये फिगो, मग झिदान, मग ब्राझीलचा रोनाल्डो, मग बेकहॅम. खेळाडूच्या जाहिरातींच्या उत्पन्नात साधारण निम्मा वाटा क्लबचा, ही रेआलची पद्धत. युनायटेडमधला त्याचा सात नंबर इथे राऊलकडे असल्याने बेकहॅमने बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचा २३ नंबर घेतला. अमेरिकेत २३ म्हणजे जॉर्डन, हे न कळणारा हा माणूस नव्हता.

मैदानावर मात्र माद्रिद फळलं नाही. तीन वर्षं मोठा किताब नाही. जानेवारी २००७ मध्ये बेकहॅमने अमेरिकेतल्या एलए गॅलक्सीशी करार जाहीर केला, तेव्हा प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो यांनी त्याला पुन्हा खेळवणार नाही असं सांगून टाकलं. बेकहॅम गुपचूप सराव करत राहिला. महिन्याभरात कापेल्लोंना शब्द मागे घ्यावा लागला आणि जूनमध्ये, माद्रिदमधल्या त्याच्या शेवटच्या दिवशी, रेआलने लीग जिंकली. त्याच्या कारकिर्दीतले मला सर्वांत आवडणारे महिने हेच. पुढची नोकरी पक्की झालेली असताना संघाबाहेर बसवलेला माणूस इतकं झिजून खेळला.

ते कलम

अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरची, म्हणजे एमएलएसची, रचना आपल्या ओळखीच्या कुठल्याच लीगसारखी नाही. आयपीएलमध्ये मुंबईचा संघ ही एका कंपनीची मालमत्ता असते आणि खेळाडूचा करार त्या फ्रँचायझीशी होतो. एमएलएसमध्ये लीग हीच एक कंपनी आहे. संघाचे मालक म्हणजे त्या कंपनीचे भागीदार, ज्यांना एक संघ चालवण्याचा हक्क मिळतो. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत इमारत सोसायटीची असते, सभासदाकडे भाग आणि एका फ्लॅटचा हक्क असतो, तसंच काहीसं. खेळाडूंचे करारही लीगशीच होतात.

असं करण्यामागे भीती होती. आधीची एक अमेरिकन लीग पेले, बेकेनबाऊर यांच्यावर पैसे उधळून १९८४ नंतर बुडाली होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या एमएलएसने म्हणून प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा घातली. तरीही २००२ च्या जानेवारीत फ्लोरिडातले दोन संघ बंद करावे लागले, टॅम्पा आणि मायामी. उरलेले दहा संघ मिळून तीनच मालक होते, आणि त्यातले सहा संघ एकट्या फिलिप अँशुट्झ यांची कंपनी चालवत होती. एलए गॅलक्सी त्यातलाच एक.

बेकहॅमला या चौकटीत बसवायचं कसं? २००७ मध्ये एका संघाची पगारमर्यादा सुमारे २१ लाख डॉलर होती. बेकहॅमचा वर्षाचा पगार ६५ लाख. म्हणून लीगने नवा नियम केला. प्रत्येक संघाला मर्यादेबाहेरचा एक खेळाडू घेता येईल. त्याच्या पगारातले फक्त ४ लाख मर्यादेत मोजले जातील, बाकीचे मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे. नियमाचं कागदोपत्री नाव 'डेझिग्नेटेड प्लेअर', लोकांच्या तोंडी 'बेकहॅम रूल'.

त्या वेळी वर्तमानपत्रांत २५ कोटी डॉलरचा करार असे मथळे आले. तो आकडा पाच वर्षांतला पगार, जाहिराती आणि इतर सगळं उत्पन्न धरून काढलेला अंदाज होता. मथळ्यांत न आलेली गोष्ट जास्त मोलाची निघाली. करारात एक कलम होतं. खेळणं थांबवल्यावर बेकहॅमला न्यूयॉर्क वगळता कुठल्याही शहरात एमएलएसचा नवा संघ २.५ कोटी डॉलरला घेता येईल.

आज हा आकडा फुकटात दिल्यासारखा वाटतो. पण त्याच २००७ मध्ये लीगमध्ये आलेल्या टोरोंटोच्या मालकांनी प्रवेशासाठी १ कोटी डॉलर भरले होते. म्हणजे सही झाली तेव्हा कलमातला भाव बाजारभावापेक्षा बराच जास्त होता. लीगला वाटलं असणार, देऊन टाकू, पुढचं पुढे. वेळ आली तेव्हा मात्र भाव कुठच्या कुठे गेला होता. २०१९ मध्ये शार्लटसाठी ३२.५ कोटी डॉलर पडले, २०२३ मध्ये सॅन डिएगोसाठी ५० कोटी. भाव एवढा चढला त्याला नवी स्टेडियम, टीव्हीचे करार अशी बरीच कारणं आहेत. पण जी लीग २००२ मध्ये संघ बंद करत होती तिच्याकडे जगाचं लक्ष वळवणारा पहिला माणूस बेकहॅम होता. आपल्याच येण्याने जे महाग होणार, ते त्याने आधीच ठरलेल्या भावात बांधून घेतलं. हे कलम मागण्याची बुद्धी एकट्या बेकहॅमची नव्हे. २००३ पासून त्याचं काम पाहणारा सायमन फुलर, म्हणजे एकेकाळी स्पाइस गर्ल्सचा व्यवस्थापक, या सौद्यामागे होता. व्हिक्टोरियाच्या जगातला माणूस डेव्हिडच्या जगात आला आणि त्यातून फुटबॉल क्लब उभा राहिला.

लॉस एंजेलिसमधली सुरुवातीची वर्षं दुखापतींत गेली. इंग्लंडच्या संघात जागा टिकावी म्हणून २००९ आणि २०१० मध्ये तो एसी मिलानकडे उसना गेला, तेव्हा गॅलक्सीचे प्रेक्षक त्याच्यावर चिडले आणि त्यांचा राग रास्त होता. मार्च २०१० मध्ये घोट्यामागची शीर तुटली आणि चौथा विश्वचषक हुकला. पण तो परत आला, २०११ आणि २०१२ ची एमएलएस कप जिंकून मगच गेला. शेवटचे पाच महिने पॅरिस सेंट जर्मेनमध्ये, पगार तिथल्या मुलांसाठी देऊन. तिथेही लीग जिंकली. इंग्लंड, स्पेन, अमेरिका, फ्रान्स, चार देशांत लीग जिंकणारा तो पहिला इंग्रज. इंग्लंडसाठी ११५ सामने, त्यातले ५९ कर्णधार म्हणून.

मायामी

फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने कलम वापरत असल्याचं जाहीर केलं आणि शहर निवडलं मायामी, जिथे संघ बंद पडला होता तेच. फुलर आणि बोलिव्हियन उद्योजक मार्सेलो क्लाउरे भागीदार. पण हक्क असणं आणि क्लब असणं यात फार अंतर असतं. स्टेडियमसाठी जागा मिळेना. बंदराजवळची जागा गेली, पाण्याकाठची गेली, बेसबॉल स्टेडियमशेजारची गेली. चार वर्षं मालकाकडे ना मैदान, ना संघ, ना नाव. मग मायामीतले क्यूबन वंशाचे उद्योजक होर्हे आणि होसे मास हे भाऊ भागीदार झाले आणि २९ जानेवारी २०१८ ला लीगने फ्रँचायझीवर शिक्कामोर्तब केलं. मायामीचा आधीचा संघ शेजारच्या फोर्ट लॉडरडेलमधल्या ज्या जागी खेळायचा, तिथेच नवं स्टेडियम बांधून क्लबने 'इंटर मायामी' या नावाने २०२० मध्ये खेळायला सुरुवात केली.

सुरुवात वाईट झाली. ब्लेझ मात्विदी या फ्रेंच खेळाडूचा खरा मोबदला नियमानुसार दाखवला नाही म्हणून २०२१ मध्ये लीगने क्लबला २० लाख डॉलरचा दंड केला. मोडलेला नियम डेझिग्नेटेड प्लेअरचाच. दंडाचा ठपका बेकहॅमवर व्यक्तिशः नव्हता, पण क्लबचा चेहरा तोच, आणि हा डाग मला गंभीर वाटतो. त्या वर्षी प्रशिक्षक म्हणून त्याने आणला फिल नेव्हिलला, क्लास ऑफ ९२ मधल्या सर्वांत धाकट्याला. निकाल चांगले आले नाहीत आणि जून २०२३ मध्ये फिलला जावं लागलं. मैत्री नेमणुकीला पुरली, निकालांना पुरली नाही.

जुलै २०२३ मध्ये मेस्सी आला. त्याच्यामागून बार्सिलोनाचे त्याचे जुने सोबती बुस्केट्स, आल्बा, सुआरेझ आले. बेकहॅमसारखाच मेस्सीचा करारही निव्वळ पगाराचा नाही. सामने दाखवणाऱ्या ॲपलच्या आणि कपडे पुरवणाऱ्या आदिदासच्या उत्पन्नात वाटा, आणि पुढे क्लबच्या मालकीत हिस्सा घेण्याची सोय त्यात असल्याचं सर्वत्र छापून आलं. २००७ मधलं कलम अपवाद होतं. आता मेस्सीच्या करारातही मालकीची गोष्ट आली. डिसेंबर २०२५ मध्ये इंटर मायामीने व्हँकुव्हरला हरवून एमएलएस कप जिंकली.

मुंबई, कतार आणि चेहऱ्याचा वापर

युनिसेफशी बेकहॅमचा संबंध युनायटेडमध्ये असतानाच आला होता, आणि २००५ पासून तो तिचा सदिच्छादूत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कामासाठी तो भारतात आला, गुजरातमध्ये मुलांना भेटला आणि १५ तारखेला मुंबईत वानखेडेवर पोचला. भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना. युनिसेफचा दक्षिण आशियातला सदिच्छादूत सचिन तेंडुलकर, त्यामुळे सामन्याआधी मैदानात दोघे एकत्र दिसले. त्याच दिवशी विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतलं ५० वं शतक झळकावून सचिनचा विक्रम मोडला. प्रीमियर लीग पाहणारी आपल्याकडची एक अख्खी पिढी बेकहॅमच्या फ्री किका पाहत मोठी झाली, आणि तो अखेर मुंबईत प्रेक्षक म्हणून बसला तो क्रिकेट पाहायला.

याच चेहऱ्याचा त्याने केलेला एक वापर मात्र मला पटलेला नाही. कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकाचा तो प्रचारदूत झाला. स्टेडियम बांधणाऱ्या परदेशी मजुरांचे हाल आणि समलिंगी लोकांवरचे तिथले कायदे यावर जगभर टीका होत असताना तो गप्प राहिला. त्या मजुरांत भारतीय आणि नेपाळी किती होते, हे आपल्याला सांगायला नको. २०२५ मध्ये ब्रिटनने त्याला सर ही पदवी दिली, पण तो प्रश्न त्याने कधी नीट उत्तर देऊन मिटवलेला नाही.

सॅलफर्ड

आता सॅलफर्डकडे. २०१४ मध्ये गिग्ज, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू यांनी सॅलफर्ड सिटी हा छोटा क्लब घेतला, तेव्हा तो इंग्लिश फुटबॉलच्या एकाखाली एक असलेल्या लीगमध्ये आठव्या पायरीवर होता. ज्या शहरात सराव करून ते मोठे झाले, तिथला क्लब. बेकहॅमने मायामीच्या खटपटीत असूनही २०१९ मध्ये दहा टक्के वाटा घेतला. त्याच वर्षी क्लब पाच हंगामांतली चौथी बढती मिळवून चौथ्या पायरीवर, लीग टूमध्ये पोचला. २०२५ मध्ये गॅरी नेव्हिल आणि बेकहॅम यांच्या पुढाकाराने जमलेल्या गटाने क्लबची मालकी हाती घेतली.

म्हणजे एकाच माणसाची भागीदारी दोन पूर्ण वेगळ्या व्यवस्थांत आहे. मायामी कितीही हरलं तरी लीगबाहेर जात नाही. एमएलएसमध्ये खाली घसरण्याची सोयच नाही, आणि प्रवेशाला कोट्यवधी डॉलर मिळतात ते याच हमीमुळे. सॅलफर्डला अशी हमी नाही. तिथे दर हंगामाच्या शेवटी गुणतक्ता ठरवतो की वर जायचं की खाली. लीग टूमधले तळाचे दोन संघ व्यावसायिक लीगमधून बाहेर पडतात, मग मालक सर डेव्हिड बेकहॅम असो की गावातला दुकानदार. कलमात लिहून घेता येईल अशी गोष्टच तिथे नाही. तिथे संघाला गुण मिळवावे लागतात.